भोयरभाऊंकडचं विरजण

मंगळवार, सेक्टर १०

प्लांटमधून रिटायर झाल्यापासून शेजारचे भोयरभाऊ गुमसुम. परवा म्हणाले, "आता जगून काय फायदा?" आम्ही प्लांटवाले घाबरलो अन् त्यांच्यावर लक्ष ठेवाले शिफ्ट लावली. ए, बी, सी! पण थेट त्यांनाच विचारायचं कसं? जो तो विरजणाच्या बहाण्यानं जाऊन राहिला. आज माझी पाळी. मीही वाटी घेऊन उभा. शहाणाच मी!

"कावून रे, साऱ्या सेक्टरचं दही माझ्याच भरोशावर?"

मले हसू आलं, मग रडू. विचारूनच टाकलं, "भाऊ, मरावंसं वाटते काय?"

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. मग हळूच, "वाटते. विचारलं मात्र तूच."

मी म्हटलं, सकाळी सोबत डॉक्टरकडं जाऊ. त्यांनी होकारार्थी मान हलवली. माझी वाटी रिकामीच परत दिली.

"चमचाभरच उरलं. आज मी दही लावतो. सकाळी वाटी आणजो."