तिळाची हकीकत

ता. ४ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि. आजोबा हे तुला वाचून दाखवतीलच. डॉक्टरांनी तुझ्या मानेवरच्या तिळाचा तुकडा काढला, तो आमच्याच प्रयोगशाळेत आला. घरचं माणूस म्हणून मी तो स्वतः न तपासता आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमकडे दिला. त्या पेचात आहेत. भिंगाखाली वरच्या पेशी वेड्यावाकड्या, तिळाच्या कर्करोगासारख्या दिसतात. पण त्यांच्याखाली जुन्या जखमेचा व्रण आहे. तीळ कधी अर्धवट कापला गेला, तर उरलेल्या पेशी पुन्हा उगवताना असंच सोंग घेतात. तसं काही झालं नसेल, तर कर्करोग समजून मानेचा मोठा भाग काढावा लागेल. तिथे कधी काही लागलं नाही, असं तू डॉक्टरांना म्हणालीस. नीट आठव. हकीकत कळल्याशिवाय मॅडम सही करणार नाहीत.
तुझी,
चोंबडी

ता. ९ जून

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद. सांगणारी मी, लिहिणारे तुझे आजोबा. चुका त्यांच्या, शहाणपण माझं. अगं, या वयात अंगावर व्रण नाही तर काय फुलं उमलणार? लागलं-बिगलं काही नाही. माझ्या मानेला जन्मभर एकच न्हावी ठाऊक, हे पत्र लिहिणारा, आणि त्याच्या दुकानात कुणाच्या मानेवर रक्ताचा थेंब आला नाही, असं तोच सांगतो. हल्ली मी केस वाढवतेय. म्हातारीला हौस आली म्हणून हे हसतात. हसू देत. मॅडमना म्हणावं, राईचा पर्वत करू नका. वेळेवर जेव, आणि म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ता. क. वरचं तिने सांगितलेलं. हे माझं. ती शेजारीच बसलीय, मी पत्ता लिहितोय असं तिला वाटतंय. मागच्या हिवाळ्यात तिची मान साफ करताना माझा हात थरथरला आणि वस्तऱ्याने तीळ वरून उडाला. ती म्हणाली, साबण झोंबला. मी मानलं, कारण मला मानायचं होतं. पुढे रक्ताचा टॉवेल माळ्यावर सापडला. मॅडमना कळव; मला ठाऊक आहे हे मात्र तिला कळू देऊ नकोस. आजवर इतकं सांभाळलंय तिने.
आजोबा

ता. १० जून

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद. वेगळं अक्षर बघून दचकू नकोस, शेजारची शिंपीण लिहितेय. हे फिरायला गेलेत. कालची सगळी थाप. ज्याचं सांगायचं त्याच्याच हातून कसं लिहवून घेऊ? डॉक्टरांकडेही हे खुर्चीला खुर्ची लावून बसलेले. मागच्या हिवाळ्यात ह्यांच्या वस्तऱ्याने तिळाचं टोक गेलं. मी साबणावर ढकललं आणि टॉवेल माळ्यावर कोंबला. दोनेक महिन्यांत तीळ परत आला, आधीपेक्षा काळा. तेव्हापासून केसांचं सोंग. नाहीतर या वयात मला वेणी कुणाला दाखवायचीय? मला लागलं होतं हे कळलं तर ह्यांना घास गोड लागणार नाही. तेव्हा मॅडमच्या कानात सांग, ह्यांच्या नको. उत्तरात वस्तऱ्याचं नाव काढलंस तर गाठ माझ्याशी आहे.
आजी

ता. १७ जून

ती. आजी-आजोबांस,
सा. न. वि. वि. आजोबा, मोठ्याने वाचा: कर्करोग नाही! मॅडमना हवी ती हकीकत मिळाली. कुठून, ते आमच्या धंद्यात सांगत नसतात. काळेपणा फक्त व्रणाच्या वर आहे, बाहेर कुठे पसरलेला नाही. उरलेला तीळ छोटा काप घेऊन काढायचा आणि जागेवर लक्ष ठेवायचं, बस्स. मला आज प्रयोगशाळेत रडू आलं, आणि मॅडमनी ते न पाहिल्यासारखं केलं.
तुमची,
चोंबडी

ता. ८ जुलै

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद. टाके निघाले, जागा साफ आहे. लिहिणारे नेहमीचेच. केसांची हौस फिटली. काल खुर्ची उजेडात ओढली, मान पुढे केली आणि ह्यांना म्हटलं, कापा. कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले, मग कात्री घेऊन आले. वस्तरा का नाही, ते मी विचारलं नाही.

इथे ह्यांचं पेन थांबलंय. लिहा म्हटलं, तेही लिहा.

एक बाजू तिरकी झालीय; कुणी विचारलं तर नवी फॅशन म्हणून सांगते. आहेस तशीच चोंबडी राहा, आणि आम्हा दोघांवर जीव असू दे.

आता खाली जागा उरली तर उरू द्या, तिथे तुमचं काही लिहू नका. मला अक्षर कळत नाही; पण माझं बोलणं संपल्यावरही पेन चालतं, ते दिसतं.
तुझी आजी