किल्ली माझ्याकडे आहे

अहो,

"देवाच्या कामात घरचं माणूस विसरू नकोस," असं आईंनी लग्नानंतरच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आज प्रार्थनासभेची घाई होती, म्हणून त्यांना अंघोळ घालताना खेकसले. तेव्हापासून त्या आपल्या खोलीत बसून आहेत. माफी मागितली तर म्हणाल्या, "जा बाई, देव खोळंबलाय."

आजचा विषय पवित्र जीवन, आणि बोलायचं मी! प्रभूला मी तिथे हवी आहे की इथे, काहीच सुचत नाही. चर्चची किल्ली माझ्याकडे आहे, बायका दाराशी ताटकळल्यात. बाळाला घेऊन निघतेय. सभा घेईन की नुसती किल्ली देऊन परतेन, माझं मलाच ठाऊक नाही.

माझ्या हातचं त्या घेत नाहीत, सकाळपासून पोटात काही नाही. आल्याबरोबर आधी त्यांच्या खोलीत डोकावाल का?