डाव्या पोटरीतला नारू

९ जानेवारी १९६१, सोमवार

हौदावर आज ललितानं माझ्या हातातली घागर काढून घेतली. ललिता म्हणजे शेजारची, भिंतीला भिंत लागून. भांडली नाही, रागावली नाही. "बाई, तुमी वर नोका येऊ. मी भरून देतो," म्हणाली, आणि भरलेली घागर आमच्या दारात आणून ठेवली. मागच्या बाया मुकाट उभ्या. म्हणजे अख्ख्या कामगार-कॅम्पला ठाऊक झालं — मास्तरीणबाईच्या पायात नारू आहे!

तिचं काय चुकलं? नारूवाल्याचा पाय पाण्यात पडला की ते पाणी पिणाऱ्यांच्या अंगात नारूचा किडा शिरतो, हे मीच वर्गात शिकवते. दुसरी कोणी असती तर माझी घागर फोडली असती. हिनं भरून दिली. तरी घरात आल्यावर रडू आलं ते आलंच.

डाव्या पोटरीवर आहे. निळा, करंगळीएवढा जाड, वेडावाकडा. तिसऱ्या बाळंतपणानंतर दिसायला लागला. आता गुडघ्यामागून वळसा घालून वर निघाला आहे.

१० जानेवारी

शाळेत खुर्ची आहे. पण बाई खुर्चीत बसली की पहिलीची पोरं बाकाखाली गेलीच म्हणून समजा. दिवसभर उभी होते. संध्याकाळी घोटा असा सुजला की चपलेचा पट्टा रुतला.

१२ जानेवारी, गुरुवार

सासूबाई धोंडबाला घेऊन आल्या. धोंडबा त्यांच्या तिरोड्याकडचा, नारू काढणारा. इथं आता विटा वाहतो, पण गावाकडची माणसं अजून त्यालाच बोलावतात. पोटरीवर अंगठा दाबून बसला, डोळे मिटून. मग म्हणाला, "नारूच हाये. मोठा हाये. तोंड काहाडत नाई, चीर द्या लागते. संक्रांत होऊ द्या, अवसेले येतो."

सासूबाईंनी मान डोलावली. "याच्या हाताले यश हाये. तू भेऊ नोको वं."

भेऊ नको! माझ्या मामाचा नारू ओढताना तुटला होता. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा असतो, मामाला घाई झाली. पाय पिकला, गुडघा आखडला तो कायमचा. मामा खळ्यावर बसून राखण करायचा, त्याचं निभावलं. मी कुठं बसू? लंगडी मास्तरीण पोरांमागं धावणार कशी, आणि तिला नोकरीवर ठेवणार कोण? शाळेवर माझा जीव आहे. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली आमच्या गावातली मी पहिली सून, आणि शिकवायला पाठवलं ते याच सासूबाईंनी. त्यांना 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला गेले नाही. कोणी 'येऊ नका' म्हणालं नव्हतं, मीच गेले नाही. दिवेलागणीला ललिता वाण घेऊन घरी आली. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्या हातचा तिथंच खाल्ला, माझ्या देखत. मोठ्या मनाची बाई! देव तिचं भलं करो.

अवस परवावर आली.

१५ जानेवारी, रविवार

नवल झालं. 

दुपारी पाय ठणकत होता म्हणून खाटेवर उताणी पडले आणि टाच भिंतीला वर लावून ठेवली. घरच्या पोरांच्या पाट्या तपासत होते. थोड्या वेळानं पोटरीकडे लक्ष गेलं — नारू नाही! कातडी सपाट. चाचपून पाहिलं. कुठंच नाही.

यांना हाक मारली. हे कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या पंपांवर ऑपरेटर आहेत. पाळीवरून येऊन नुकते जेवत होते, तसेच उष्ट्या हातानं आले. म्हणाले, "आता उभी राह्य." उभी राहिले. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत तो खालून फुगत वर आला. पुन्हा आडवी झाले, पुन्हा गेला. यांना तर खेळच सापडला, चारदा उठबस करायला लावली.

सासूबाई म्हणाल्या, "किडा हाये तो. लपून राहिला."

"लपते तं कुठं लपते, माय? आन मले पाहून लपते, तुले पाहून लपते, असा कसा किडा हाये?" हे म्हणाले. "उद्या हॉस्पिटलात नेतो. धोंडबाले सांग, घाई नोको करू."

सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

१६ जानेवारी, सोमवार, अवस

सायकलवर मागं बसून हॉस्पिटलात गेले. वाटभर एकच चिंता, की परक्या पुरुषापुढं गुडघ्यापर्यंत पाय उघडा टाकायचा! पण सिस्टरनं पडदा ओढला, माझा हात धरून उभी राहिली. डॉक्टर गोरे रायपूरचे, तिथल्या बुढापारा मोहल्ल्यात तीन पिढ्यांचं घर, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. पायाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल नव्हताच. "बाई, काम काय करता?"

"पहिलीला शिकवते."

"म्हणजे दिवसभर उभ्या. बाळंतपणं किती?"

मग आडवी निजवून पाय वर धरला. शीर रिकामी झाल्यावर मांडीला रबराची नळी बांधली आणि उभं राहायला सांगितलं. फुगली नाही. नळी सोडली तशी वरून खाली धो धो भरत आली. डॉक्टर म्हणाले, "नारू नाही हा. ही तुमचीच शीर आहे. पायातलं रक्त परत वर चढायला हवं. ते घसरून खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजाग झडपा असतात. तुमच्या झडपा सैल झाल्या, रक्त खाली साचतं, शीर ताणून फुगते."

"फूट-वॉल्व लीक हाये म्हना ना, वर चढवलेलं पानी मांगं खाली येते तसं," हे म्हणाले. डॉक्टर खळखळून हसले. "तेच! पंपवाल्याला कळलं, मला उगाच एवढं बोलावं लागलं."

मी चीर द्यायच्या गोष्टीबद्दल सांगितलं. त्यांचं हसू गेलं. उभ्या बाईच्या अशा शिरेला चीर दिली तर रक्ताची धार लागते, म्हणाले. भोवतालच्यांना पाय वर उचलून दाबून धरायचं सुचलं तर ठीक, नाही तर बाई हातची जाते. "आजच चीर देणार होते ना? बरं झालं आज आलात."

पट्टा बांधून, पाय वर ठेवून दिवस काढता येतात, पण झडपा पुन्हा घट्ट होत नाहीत. उभं राहायचं काम सोडणार नसाल तर ऑपरेशन बरं, असं म्हणाले. मी म्हटलं, ऑपरेशन. यांना विचारलंसुद्धा नाही! हे नुसते हसले.

परतताना सायकलवर रडत होते. यांना वाटलं घाबरले. घाबरले नव्हते. आज संध्याकाळी मी जिवंत घरी असेन, पोरं माझ्या मांडीवर असतील — एवढं कळत होतं.

१७ जानेवारी

धोंडबाला सगळं समजावलं. चहा प्याला, "डाक्टर म्हनते तं तसंच आसन," म्हणाला, आणि जाताना परसातल्या वालाच्या शेंगा मागून घेतल्या. त्याच्यावर राग नाही. त्याला वाटलं ते त्यानं सांगितलं.

२२ जानेवारी, रविवार

ललिताला सांगायला गेले तर तिनं ऐकून घेतलं आणि माझा हात धरून हौदावर नेलं, सगळ्यांसमोर. "बाईले नारू नाई. शीर हाये. पह्यली घागर बाईची." बाया एकमेकींकडे पाहत सरकल्या. कोणाला पटलं, कोणाला नाही, पण वाट दिली.

पटलं नाही ते घरातच! सासूबाई माझं पाणी अजून वेगळ्या मडक्यात ठेवतात आणि चार पदरी फडक्यातून गाळतात. बोलत नाहीत. मीही मुकाट पिते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटल. कालच झालं. कमरेत सुई टोचली आणि कमरेखालची मी कोणी दुसरीच झाले. जांघेत एक चीर, घोट्याशी एक, आणि मधली सगळी शीर तारेवर ओवून ओढून काढली म्हणे. मला फक्त कोणी लुगडं झटकतं आहे असं वाटलं. आज दुखतं, चांगलंच दुखतं. बोटांपासून मांडीपर्यंत पट्टा. आणि सकाळीच सिस्टर हजर — "उठिये, चलिये!" मी म्हटलं, अहो, काल तर कापलं! "इसीलिए चलिये." तिच्या खांद्यावर हात टाकून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. केरळची आहे. आपलं घरदार सोडून इतक्या लांब येऊन माझ्यासारखीचे पाय पट्ट्यात गुंडाळते. तिला काय द्यावं, कळत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई आल्या. तांदळाची भाकर, वालाची भाजी, माझ्या आवडीची. डबा ठेवून खाटेच्या कडेला बसल्या. तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. यांनी आधीच काही कानावर घातलं असावं. डॉक्टरांनी काचेची बाटली आणवली. आत माझी शीर, औषधात तरंगणारी. चिमट्यानं बाहेर काढून सासूबाईंसमोर धरली. "बघा आजी. किड्याला तोंड असतं, शेपूट असतं. ही पोकळ आहे, नळीसारखी." आणि तिच्यातून सळई आरपार घालून दाखवली.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. पाहतच राहिल्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. म्हातारीचा शब्द चारचौघांत खोटा पडला. डबा तिथंच विसरून निघून गेल्या.

१३ फेब्रुवारी

घरी. यांनी प्लांटातून भट्टीच्या फुटक्या विटा, फायरब्रिका, मागून आणल्या आणि खाटेच्या पायथ्याशी दोन्ही खुरांखाली रचल्या. झोपेत डोक्याकडे घसरते! धाकटीला घसरगुंडी मिळाली आहे.

माझं वेगळं मडकं चुलीजवळून गेलं. सासूबाईंनीच हलवलं. 

२० फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेले. हेडमास्तरांनी सुताराकडून उंच स्टूल करून ठेवलं होतं. त्यावर बसलं की बाकाखालचं पोरही दिसतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तास बदलला की वर्गात दोन फेऱ्या मारते, टाचा वरखाली करते. पोरं पण करतात, मागं ओळीनं. हसून हसून पुरेवाट.

संध्याकाळी पट्टा सोडला. घोट्याला सूज नाही. किती जणांचे उपकार झाले माझ्यावर! या पायानं जमेल तेवढं शिकवीन, दुसरं काय करणार.

२६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी घरात आम्ही दोघीच. सासूबाई माझ्यासमोर बसल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. इतक्या वर्षांत त्यांचा पाय मी पाहिला नव्हता. पोटरीवर वीतभर जुना व्रण, भोवती कातडी काळी, आणि वर गेलेली तीच निळी, वेडीवाकडी शीर. "लगन होऊन आली होती. नारू हाये म्हनून चीर देली. किडा नाई निंगाला, रगतच निंगालं. राह्यला आत, म्हने. तवापासून विहिरीवर चढू नाई देलं कोनी. दुसऱ्यानं वरून ओतलं तेच पानी पेली मी. तुह्या सासऱ्याच्या घरात बी, तो मरेपर्यंत."

 त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मंग तो बी नोव्हता का वं नारू?"

"नव्हता," मी म्हटलं.  मग लुगडं खाली सारून म्हणाल्या, "तुहा डाक्टर म्हातारीचा पाय पाह्यते का?"