सात साहेबांचे सात कागद

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन महिने मी लिहिलं नाही म्हणून तू जी खरडपट्टी काढली आहेस ती तुझ्या भावजयीने मोठ्याने वाचून दाखवली आणि भिंगरीने पाठ केली. आता मला जेवायला उशीर झाला तरी सहा वर्षांची पोर तुझ्याच शब्दांत मला झापते. तेव्हा तुझं काम झालं असं समज.

इथे वरवर सगळं ठीक आहे. गेल्या आठवड्यात साहेबांच्या देशाचा मंत्री तळावर येऊन गेला. आपल्या प्रधानाशी हात मिळवला, फोटो निघाले, आणि आमचं सैन्य इथून कुठेही जात नाही असं त्याने भाषणात तीनदा सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण तळावरच्या शीतगृहाची यंत्रं सात वर्षं मी सांभाळतोय. दर खेपेला तीन महिन्यांचं मांस येतं. या खेपेला तीन आठवड्यांचं आलं, आणि चारपैकी दोन खोल्या बंद करून धुऊन ठेवायला सांगितल्या. कोठारावरच्या हवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, जहाजाला उशीर झालाय. जहाजाला उशीर झाला म्हणून कुणी खोल्या धुऊन ठेवत नाही.

दुसरं असं की दरवर्षी तळावरचा साहेब बदलतो आणि जाताना मला शिक्क्याचा कागद देतो, की हा माणूस कामाचा आहे, विश्वासाचा आहे. या साहेबाची बदली सप्टेंबरात. त्याने कागद कालच हातात ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. असे आता सात साहेबांचे सात कागद झाले. पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर ठेवलेत.

तुला तिकडे सरहद्दीपलीकडे छापखान्यात बातम्या दोन दिवस आधी कळतात म्हणून तू फार मिरवतेस. काही कळलं तर लिही. तू सांगशील तसं करू.

भिंगरीचा पापा. अशीच रागावत राहा, म्हणजे आमची आठवण आहे एवढं कळतं.

तुझा,
धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या मांसाने माझ्या छापखान्याला हरवलं. तुला दहा दिवस आधी कळलं ते माझ्या टेबलावर आज आलं.

आमच्या भिंतीवर एक चिठ्ठी असते, कुणाला काय म्हणायचं त्याची. तुमच्या सरकारला आम्ही पाच वर्षं मित्र सरकार म्हणत होतो. जानेवारीत ते सध्याचं सरकार झालं. परवापासून राजधानीतलं सरकार म्हणायचं आहे. आणि उत्तरेचे लोक, ज्यांच्याशी लढायला म्हणून साहेबांची फौज तिथे आली, ते काल बंडखोर होते आणि आजपासून वाटाघाटीतला दुसरा पक्ष आहेत. वीस वर्षं प्रुफं तपासतेय, पण एवढ्या झपाट्याने चिठ्ठी बदललेली मी पाहिली नाही.

आता नीट वाच. आज दुपारी तारेने आलेल्या बातमीचं प्रूफ माझ्याकडे आलं. शाई ओली होती. साहेबांच्या देशाने उत्तरेच्या लोकांशी करार केलाय. एप्रिलअखेर तळ रिकामा करणार आणि तो जसाच्या तसा त्यांच्या ताब्यात देणार. त्यात एक कलम आहे की तळावर काम करणाऱ्या स्थानिक माणसांच्या नोंदवह्याही द्यायच्या. वह्या गेल्या तर गेल्या, त्याला आपला इलाज नाही. पण झडती झाली तर तुझ्या घरात काही सापडता कामा नये. शिक्क्याचे कागद, फाटकाचा पास, साहेबांबरोबरचे फोटो, जिथे म्हणून तुझं आणि त्यांचं नाव एकत्र आहे ते सगळं जाळ. उद्यावर टाकू नकोस. तुझा आळशी स्वभाव मला माहीत आहे.

हे वाचून घाबरू नकोस. मी आहे. तुला शाळेत मी घातलं, यंत्रांच्या कामाला मी लावलं, यातूनही काढीन.

तिघांना पोटाशी धरून,
ताई


ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परवाचं पत्र पोचलं असेल तर डब्याला हात लावू नकोस. काहीही जाळू नकोस.

ती बातमी छापलीच नाही. काल सकाळी तीच बातमी दुरुस्त होऊन आली. नोंदवह्या देणार नाहीत, त्या साहेब आपल्या देशी नेणार आहेत. उलट ज्यांनी तळावर काम केलं त्यांना बायकामुलांसकट विमानाने बाहेर काढून इकडे आणायचं ठरलंय. मी इथल्या त्यांच्या वकिलातीत जाऊन आले. पाच तास रांगेत उभी होते. खिडकीवरच्या बाईने स्पष्ट सांगितलं की साहेबाच्या सहीशिक्क्याचा मूळ कागद असेल त्यालाच जागा. वह्या पेट्यांत गेल्या, आता कुणी शोधत बसणार नाही.

म्हणजे ते सात कागद म्हणजेच तुमची तिघांची तिकिटं आहेत. पाया पडते, तुझा आळस या एका खेपेला कामी येऊ दे. उलट टपाली लिही. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेव. पोटभर जेव.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच आली. टपालाचे सगळे तीनतेरा वाजलेत, त्याचा असा उपयोग झाला. मी आधी नंतरचं फोडलं, मग पहिलं वाचलं आणि हसलो. आयुष्यभर माझ्या आळसावर तू तोंडसुख घेतलंस, आता मात्र टपालखात्याच्या आळसाचे उपकार मान. डबा आहे तिथे आहे.

तळावर आवराआवर जोरात आहे. तिसरी खोली गेल्या आठवड्यात बंद झाली. यंत्र थांबलं तेव्हा इतकं शांत वाटलं की मी उगाच हात लावून पाहिलं. साहेब परवा विमानाने गेला. फाटकावर सगळे नवे शिपाई आहेत, कुणाला ओळखत नाहीत.

भिंगरी विचारते की आत्याकडे तिला वेगळी गादी मिळेल का. मी हो सांगून टाकलंय, आता तू बघ.

काळजी सोड, माया सोडू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास व सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी छापखान्याच्या जिन्यातच बसले. वरून येणाऱ्या मुख्य संपादकांना वाटलं मला भोवळ आली. त्यांनी पाणी मागवलं. ते पाणी मी प्याले आणि त्यांना सांगितलं की माझा भाऊ येतोय.

खोली लहान आहे, पण तुम्ही कुठे सरदार आहात. टेबल जिन्याखाली हलवलंय, म्हणजे भिंतीला लागून दोन गाद्या बसतात. भिंगरीची तिसरी खिडकीखाली, वेगळी. तिला सांग की आत्याकडे उशिरा उठलेलं चालत नाही. गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे, तिथल्या बाईंशी बोलून ठेवलंय. बर्फाच्या कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय.

आता एक काम कर. वकिलातीत यादी लागते आहे, १५ तारखेपर्यंत. प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा उतरवून पाठव. कागद पाठवू नकोस, ते छातीशी धर. नुसते आकडे पाठव. मी स्वतः नेऊन देते आणि पावती घेते.

एवढ्या वर्षांत तू माझं एकदाच ऐकलं नाहीस, तेही टपालामुळे, आणि नेमकं तेव्हाच नशीब उघडलं. यावर आयुष्यभर तू मला चिडवशील. चिडव.

वाटेकडे डोळे लावून,
ताई


ता. ८ एप्रिल

ती. वन्सं यांस,
शि. सा. न.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. मला शपथ घातली होती, ती मोडते आहे.

कागद नाहीत. तुमचं पहिलं पत्र २४ तारखेला दुपारी आलं. यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि कपाटावरून डबा काढला. मी म्हटलं, एक दिवस थांबा, कुणाला तरी विचारू. तर म्हणाले, ताईने सांगितलंय. मोरीत बादली ठेवून त्यात सातही कागद जाळले, फाटकाचा पास जाळला, फोटो जाळले. राख माझ्याकडून धुऊन घेतली. दुसरं पत्र २६ला आलं. ते वाचून हे हसायला लागले आणि हसू थांबेचना, भिंगरी घाबरून शेजारी पळाली. मग माझा हात डोक्यावर ठेवून घेतला, की ताईला कळता कामा नये, ती जिवाचं काही तरी करून घेईल.

काल तुमचं आकड्यांचं पत्र आलं. हे पाटीवर खोटे क्रमांक जुळवत बसले होते. ते मला बघवलं नाही.

फाटकावर चार दिवस जाऊन उभे राहिले. पास नाही म्हणून आत घेत नाहीत. साहेब गेला, वह्या गेल्या, आणि सात वर्षं ज्यांचं मांस यांनी गार ठेवलं त्यांच्यातलं कुणी ओळख दाखवायला उरलं नाही. मंगळवारी तळावरच्या स्वयंपाक्याला चार माणसं घरातून घेऊन गेली. तो परत आलेला नाही. त्याचं घर आमच्या मागच्या गल्लीत आहे. आमच्या गल्लीत यांचं काम कुणाला माहीत नाही असं एकही घर नाही.

एक वाट आहे. तळाला फळं पुरवणारा ट्रकवाला म्हातारा, त्याला सगळे काका म्हणतात, त्याची सरहद्दीपर्यंतची शेवटची खेप २० तारखेला आहे. आम्हाला न्यायला तयार आहे. वाटेत तीन नाके आहेत, त्यातला मधला उत्तरेच्या लोकांकडे गेलाय. मी म्हणते, निघू. हे हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. ताईला विचारलं पाहिजे म्हणतात, आणि लगेच म्हणतात की ताईला विचारायचं नाही. आठ दिवस खाटेवर बसून आहेत. माझं ऐकत नाहीत. कधीच ऐकत नव्हते, सगळं तुमचंच ऐकलं.

वन्सं, मी रागाने लिहिते आहे, आणि लिहायला तुमच्याशिवाय कुणी नाही हेही खरं आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून हे झालं. आता काय करायचं तेही तुम्हीच सांगा.

तुमची,
भावजय


ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं. तिला एक शब्द बोललास तर याद राख.

तिचं पत्र परवा आलं. नव्या मुली कामाला आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना शिकवते की कच्च्या प्रुफावर विश्वास ठेवायचा नाही, ते तपासायचं असतं. आणि तुझ्या बाबतीत मला एक दिवस दम निघाला नाही. कागद तू जाळले नाहीस, मी जाळले. आणि वर मला वाचवायला तू खोटं बोललास, त्या खोट्यावर मी गाद्या घालून बसले.

काल तुझी सगळी पत्रं पिशवीत घालून वकिलातीत गेले. सात वर्षांची आहेत. प्रत्येकात तळाचं, यंत्रांचं, कुठल्या ना कुठल्या साहेबाचं काही तरी आहेच. खिडकीवरच्या बाईने ती हातात घेतली आणि परत दिली. म्हणाली, घरच्यांची पत्रं पुरावा होत नाहीत. शिवाय यादी आता बंद झाली. उत्तरेच्या लोकांच्या नव्या सरकारशी त्यांचे संबंध जुळतायत, त्यांचा नवा राजदूत तिथे जायचा आहे, त्याआधी हा विषय मिटवायचा आहे. बाई चांगली होती. तिने मला खुर्ची दिली.

घरी येताना ठरवलं होतं की यापुढे तुला काही सांगायचं नाही. पण मी गप्प बसले तर तू खाटेवरच बसशील आणि ते स्वयंपाक्याच्या दारावरून तुझ्या दारावर येतील. म्हणून सांगते. मला या वेळी आधी काही कळलेलं नाही. पुढे काय आहे ते मला ठाऊक नाही. तरी निघा. २० तारखेला काकाच्या ट्रकने निघा.

एकत्र बसायचं नाही. भावजय आणि भिंगरी पुढे, काकाशेजारी, त्याची लेक आणि नात म्हणून. तू मागे पेट्यांत, हमाल म्हणून. हे पत्र मिळाल्यापासून दाढी करू नकोस. नखांत ग्रीस नको, माती हवी. भिंगरीला लगेच शिकव की तुला बाबा म्हणायचं नाही. खेळ आहे म्हणून सांग. घरात दिवसभर खेळा. चुकून तिने हाक मारली तर ओ देऊ नकोस, रडली तरी देऊ नकोस. एकदोन दिवसांत तिला सवय होईल. पोरं लवकर शिकतात.

मधल्या नाक्यावर तुला उतरवलं तर भावजयीने ट्रक थांबवायचा नाही. कोण माणूस आहे विचारलं तर काकाने वाटेत घेतलेला हमाल, आम्ही ओळखत नाही, एवढंच म्हणायचं. ती हे ऐकणार नाही. तिला सांग की हे मी सांगितलंय, आणि यासाठी तिने मला जन्मभर शिव्या दिल्या तरी माझी ना नाही.

आणि तू. उतरवलं तर निमूट उतर. पुढे बघायचं नाही. भिंगरीकडे तर नाहीच. तुझ्या डोळ्यांवरून कुणालाही कळेल ती तुझी कोण आहे ते. म्हणून ट्रक निघून जाईपर्यंत जमिनीकडे बघत उभा राहा. तुला जमेल. आजवर मी सांगितलेलं तुला जमलं नाही असं झालं नाही.

२० तारखेला सकाळपासून मी सरहद्दीवर उभी असेन. लोभ ठेव म्हणायला आता तोंड राहिलं नाही. ही शेवटची डाक असेल, तेव्हा आणखी एकदाच माझं ऐक.

तुझी,
ताई