तनया येईपर्यंत फक्त मराठी

५ नोव्हेंबर, मंगळवार. येना.

जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तकाचा आदेश झाला. तनया आता कायद्यानेही आपली. बातमी कबीरने फोनवर दिली, नंदिनीने दुजोरा दिला. तिसरा सोर्स सुधा. ती नुसती रडत होती, म्हणजे बातमी पक्की.

आता राहिला पासपोर्ट आणि व्हिसा. तोवर मुलगा कबीर, सून नंदिनी आणि नवी नात पुण्यात माझ्या घरी सुधाजवळ, आणि मी जर्मनीत त्यांच्या घरी. कारण थोरली नात उर्जा. वय आठ. इथे शाळा बुडवून मुलांना परदेशी नेता येत नाही. शूलफ्लिश्ट नावाचा कायदा आहे. नुसता उच्चारला तरी घसा बसतो. तेव्हा घरात कोणीतरी मोठं माणूस हवं होतं. सुधाचं म्हणणं, अहो, तुम्हीच जा, तुम्ही तनयाच्या संस्थेत आलात तर भाषण कराल आणि पोर घाबरेल. थट्टेची सवय आहे तिला. खरं कारण माझं व्यवस्थापन. उगाच नाही आयुष्यभर पेपरात उपसंपादक होतो.

मुख्य प्रश्न असा. तनया चार वर्षांची, साताऱ्याकडच्या संस्थेत वाढलेली. तिला फक्त मराठी येतं. उर्जाला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. दोघी बहिणी बोलणार कशा? यावर उपाय म्हणजे मी.

संकल्प: उद्यापासून घरात जर्मन बंद. इंग्लिश चालेल, ते आपलंच आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ.

पहिलाच दिवस, पहिलाच अपमान. उर्जाला विचारलं, पोहे खाणार का. ती म्हणाली, जा.

आजोबांना जा! मी तडक बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. थंडी फार, म्हणून लगेच परत आलो. जर्मनमध्ये जा म्हणजे हो, असा खुलासा तिने मान डोलावून केला. असेल. पण आपल्या भाषेत जा म्हणजे जा. बंदी घातलेल्या शब्दांत हा पहिला.

९ नोव्हेंबर, शनिवार.

शुद्धलेखनाचा क्लास सुरू केला. ‘माझी बहीण’ या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. उर्जाने दोन वेण्या असलेली मुलगी काढली आणि खाली मांजर. मांजर का, असं विचारलं तर जर्मनमधून लांबलचक कारण दिलं. मग टॅबलेट घेऊन खोलीत गेली, दार लावलं. आतून हसण्याचा आवाज. कार्टून बघत असणार. विरंगुळा हवाच, म्हणून मीच सूट दिली.

१० नोव्हेंबर, रविवार.

रिकाम्या काचेच्या बाटल्या खाली कोपऱ्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायला गेलो. चौथ्या बाटलीला एक गृहस्थ धावत आले. रविवारी आवाज करायचा नसतो म्हणे. माझ्यामुळे गल्लीत प्रथमच इतके लोक खिडकीत आले.

तिथेच खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लेमान भेटल्या. प्रेमळ बाई. त्यांच्याकडून गेनाऊ आणि आल्झो हे दोन शब्द घेतले. पहिला म्हणजे ‘बरोब्बर’, दुसरा म्हणजे ‘तर मग’. हे फक्त शेजारधर्मापुरते. दाराच्या आत येणार नाहीत.

११ नोव्हेंबर, सोमवार.

आज मुलांची कंदिलांची मिरवणूक होती. उर्जाने शाळेत कागदाचा कंदील केलाय. मिरवणूक संपल्यावर बाकीच्या मुलांनी आपापले कंदील चुरगाळले. हिने आपला जपून आणला आणि तनयासाठी लावलेल्या पलंगाच्या कठड्याला बांधला. मी सांगितलं, आपल्याकडे याला आकाशकंदील म्हणतात, नपुंसकलिंगी नव्हे, पुल्लिंगी. ती म्हणाली, गेनाऊ. दुरुस्त केलं: बरोब्बर. ती म्हणाली, गेनाऊ, आजोबा. प्रगती आहे. आजोबा म्हणाली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

जिन्यात फ्राउ लेमान बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी जा, गेनाऊ, जा म्हणत होतो. सौजन्य म्हणून. संध्याकाळी त्यांनी मांजर, मांजराची टोपली आणि खाण्याचे डबे आणून दिले आणि टॅक्सीत बसून लेकीकडे गेल्या. महिनाअखेर येणार म्हणे. मांजराचं नाव मोरित्स. उर्जा खूश. निर्णय विचारपूर्वक घेतला होता. लहान मुलांना प्राण्यांचा लळा चांगला.

१७ नोव्हेंबर, रविवार.

व्हिडिओ कॉल. तनया प्रथमच नीट दिसली. माझ्या खुर्चीत बसली होती. मी तिला चार वाक्यांत आपल्या घराण्याची ओळख करून देत होतो. दुसऱ्या वाक्याला तिने फोन सुधाच्या हातात दिला. लाजते. जाताना म्हणाली, आजोबा, तुमी कवा येनार? ‘कवा’ आणि ‘येनार’ दोन्ही दुरुस्त करायचे आहेत. आल्यावर.

नंतर नंदिनी एकटी बोलली. म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं, रागावू नका. ती प्रत्येक दाराशी थांबते. बाथरूमच्यासुद्धा. विचारते, मी आत येऊ? एकदा एका घरी नेऊन तिला परत संस्थेत आणून सोडलं होतं. तेव्हा ‘जा’, ‘निघ’, ‘परत’ असं कोणी सहज म्हटलं तरी ती आपली पिशवी भरायला घेते. काल कबीर दूधवाल्याला बरंय, जा म्हणाला, तर ही पलंगाखाली. जरा शब्द जपून.

मी म्हटलं, सूनबाई, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले.

फोन ठेवला. मोरित्स मांडीवर येऊन बसला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी बसला.

संकल्प: तनया दारात आली की पहिलं वाक्य माझं. असं वाक्य, की पुन्हा तिने कुठल्याही दाराशी विचारू नये.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.

उर्जाला विचारलं, गृहपाठ झाला का. ती म्हणाली, व्हय. जर्मनमध्ये असा काही शब्द असावा. बंदीच्या यादीत टाकला.

टॅबलेट रोजचाच झालाय. शाळेतून आली की दार बंद. आल्झो, थोडी सक्ती करावी लागेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.

व्हिसा मिळाला. कबीरने कळवलं, नंदिनीने स्टिकरचा फोटो पाठवला. पुढच्या शनिवारी पोचतात.

स्वागताचं भाषण लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानांचा. सुधाला वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, ती चार वर्षांची आहे. गेनाऊ, म्हणून तर चार पानं. सुधा म्हणाली, तुम्ही आत्ता काय म्हणालात? मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

भाषण आता एका पानावर. बेकरीत आजपासून सर्व व्यवहार मीच करतो. बाई विचारतात, मी जा म्हणतो, ब्रेड मिळतो. कुठला ते आल्यावर कळतं. उर्जा सोबत होती. बाहेर आल्यावर तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

मराठीचा क्लास आज झाला नाही. वेळ नाही. शिवाय घरातलं वातावरण पूर्ण मराठी आहे, जा, वेगळ्या क्लासची गरज राहिलेली नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

आल्झो. घर तयार. पलंग, कंदील, गरम पायमोजे. वरण-भात उद्या. भाषण चार ओळींवर आणलं. शेवटची ओळ: ‘ये बाळ, हे घर तुझंच आहे.’ आरशासमोर म्हणून पाहिली. मोरित्ससमोर म्हणून पाहिली. उर्जासमोर म्हणायला गेलो तर ती म्हणाली, आजोबा, नुसतं ये म्हणा. मराठीत म्हणाली! मी इतका गहिवरलो की जा, जा, एवढंच बोललो.

माझी मेहनत. दुसरं काय.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

शांतपणे लिहितो.

बेल वाजली. मीच दार उघडलं. हातात कागद. कबीर बॅगा ओढत मागे, नंदिनी पुढे, आणि तिचं बोट धरून तनया. मोठं जाकीट, दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी. उंबरठ्याच्या बाहेर थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मी आत येऊ?

भाषण विसरलो. कागद विसरलो. दोन्ही हात पसरले आणि अगदी मनापासून ओरडलो: जा! जा, जा! गेनाऊ, जा!

तिचा चेहरा उतरला. रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. नंदिनीचं बोट सोडलं, पिशवी सावरली, वळली, आणि कठडा धरून जिना उतरायला लागली. नंदिनी म्हणाली, बाबा! कबीर बॅगांमध्ये अडकला. मला योग्य शब्द आठवत होता. तोंडातून निघत नव्हता.

माझ्या हाताखालून उर्जा बाहेर पळाली. पाचव्या पायरीवर तिला गाठलं आणि शेजारी बसली. आणि बोलली. जर्मनमधून नाही. माझ्या मराठीतूनही नाही.

अगं, ह्येंच्या बोलीत जा म्हंजी हो, म्हणाली. त्येंना मराठी नीट येत न्हाय अजून.

तनयाने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हातारं हायत म्हनून? तिने विचारलं.

व्हय, उर्जा म्हणाली. चल, तुझा कंदील दावते. मांजर बी हाय.

दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी आत गेल्या. दाराशी कोणी थांबलं नाही.

३० नोव्हेंबर. संध्याकाळ.

खुलासा झाला. टॅबलेटवर कार्टून नव्हतं. रोज शाळेनंतर उर्जा पुण्याला फोन लावायची आणि तिकडे झोपायच्या वेळी तनया तिला बोलायला शिकवायची. मांजराचं चित्र तिच्यासाठी होतं. फोन कोण धरायचं? सुधा. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाली, अहो, तुम्ही मध्ये बसून दोघींचं शुद्धलेखन तपासलं असतंत.

नंदिनीला काही माहीत नव्हतं. तिने उर्जाच्या मराठीबद्दल माझे आभार मानले. मी जा म्हणणार होतो, थांबलो, आणि म्हणालो, हो. जमलं.

फ्राउ लेमान मोरित्सला न्यायला आल्या होत्या. टोपलीत तो नव्हता. पलंगावर कंदिलाखाली तनया आणि तो, दोघं झोपली होती. बाई काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, पण मांजर उद्यापर्यंत इथेच आहे.

ताजी बातमी: उद्या न्याहारीनंतर माझा मराठीचा क्लास. मास्तरीण तनया, मदतीला उर्जा. उर्जाने कळवलं, सुधाने फोनवर दुजोरा दिला. पहिला धडा एकाच शब्दाचा. मी दारात आत उभं राहायचं, तनया जिन्यातून विचारणार, मी आत येऊ? मी सांगायचं, ये. चुकलं तर ती परत जिन्यात जाणार आणि पुन्हा विचारणार. पाठ होईपर्यंत सोडणार नाही म्हणाली.