कंपनी फिटिंग

धायरी, पुणे
५ नोव्हेंबर २०००

ती. अक्कास,
दशरथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आबांची शेवरलेट मी तुला न विचारता भंगारात घातली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा तू म्हणाली होतीस, ती गाडी दारात उभी दिसेल त्या दिवशी तुझा ऊंबरा ओलांडीन. लग्नकार्यात भेटतेस, पत्रं लिहितेस, पण घरी पाऊल नाही. माडीवरची तुझी खोली कांता दर दिवाळीला झाडते आणि माझ्याकडे बघते.

तर अक्का, गाडी येते आहे. केवढी हवी हे तू त्या वेळी सांगितलं नव्हतंस. ही वीतभर आहे.

तुझ्या रोहनने अमेरिकेहून प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा खोका पाठवला. वर चित्र आपल्या गाडीचं, आत इंजिन शर्यतीचं, चाकं जाडजूड. म्हणून त्याला दुसरा खोका धाडायला लावला. त्यातली बॉडी भलतीच, पण इंजिन आणि चाकं नेमकी. आता याचं अंग, त्याचे पाय असं करून मी आणि वर्कशॉपातला माझा जुना जोडीदार मैनुद्दीन अगदी कंपनी फिटिंग गाडी बनवतो आहोत. दोघांत मिळून एक चांगला डोळा आहे, तो पुरतो.

लोभ आहेच, तो आता दारापर्यंत यावा.
तुझा दशरथ

सातारा
१४ नोव्हेंबर २०००

चि. दशरथ यास,
अ. आ.

‘उंबरा’तला उ ऱ्हस्व. छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, घरचाच विद्यार्थी कच्चा राहिला.

मी बोलले ते गाडीबद्दल, खेळण्याबद्दल नव्हे. पण रोहनने फोनवर गळ घातली, मामाला लगेच नाही म्हणू नकोस म्हणून. ठीक आहे. फोटो पाठव. आबांची गाडी असेल तर मी ओळखीन. नसेल तर मी इथे बरी आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा. कळावे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे.
सुंदरा

धायरी
१८ फेब्रुवारी २००१

ती. अक्कास,
स. जयभीम.

फोटो सोबत आहे. काळ्या रंगाचे चार हात दिले. तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून डॅशबोर्ड कापून उजवीकडे घेतला, त्यात माझं बोटही थोडं गेलं. कारखान्यातून निघाली असेल तेव्हा अशीच असणार, असं मैनुद्दीन छातीवर हात ठेवून सांगतो. उरलेले भाग कांताने डालड्याच्या डब्यात भरले आणि तुझ्या खोलीची गादी उन्हात टाकली.

उत्तराची वाट बघत,
दशरथ

सातारा
२७ फेब्रुवारी २००१

चि. दशरथ,
अ. आ.

गाडी देखणी आहे. कोणाची आहे?

आबा ज्यांची गाडी चालवायचे ते डॉक्टर पुणं सोडताना ती आबांनाच देऊन गेले, तेव्हाच ती सतरा वर्षांची होती. कंपनी फिटिंग मी तिला पाहिलीच नाही. आपल्या गाडीचा एक दिवा ट्रकचा होता, तो आभाळाकडे बघायचा. मागची चाकं जीपची, म्हणून ती सदा वाकून नमस्कार करत उभी. मागचं दार निळं, भलत्याच गाडीचं, आणि ते लागत नसे. हे सगळं बसवणारे आबा आणि तूच.

आबा मला ट्रेनिंग कॉलेजला सोडायला साताऱ्यापर्यंत आले, तेव्हा ते दार मी सुतळीने धरून बसले होते. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत तळहाताला वळ उठले. मी ती गाडी शोधत होते, दशरथ. ही ती नाही. फोटो परत पाठवते आहे.

कांताला सांग, गादी उचल.
सुंदरा

धायरी
७ मार्च २००१

ती. अक्कास,
स. जयभीम.

तुझं पत्र मैनुद्दीनला वाचून दाखवत होतो. सुतळीपाशी आलो आणि पत्र त्याच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचलं. मग म्हणाला, आपण चार महिने झटून गाडीतली गाडीच काढून टाकली.

डालड्याचा डबा उघडला. मागे ती शर्यतीची जाडजूड चाकं चढवली. दुसऱ्या बॉडीचं दार कापून निळं केलं. काळ्या गाडीला करवत लावताना मैनुद्दीनने डोळे मिटले, म्हणजे दोघांतला होता तो एकही गेला. एक दिवा उपटून तिथे मोठा लावला, आभाळाकडे बघणारा. दाराला कांताच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधला. चार महिन्यांची गाडी दोन संध्याकाळी बिघडवली आणि ती नमस्कार करत उभी राहिली.

फोटो पाठवतो. गाडी उंबऱ्यापाशीच ठेवली आहे, दूधवाला दोनदा ओलांडून गेला. गादी कांताने अजून उचललेली नाही.

तुझा दशरथ

सातारा
१२ मार्च २००१ (पोस्टकार्ड)

चि. दशरथ,

भिंग लावून पाहिलं. ट्रकचा दिवा उजवीकडे होता, तू डावीकडे बसवला आहेस. आता तुम्ही दोघं हात लावू नका, नाहीतर पुन्हा कंपनी फिटिंग करून ठेवाल. मी आल्यावर समोर बसवून घेईन.

रविवारी १८ तारखेला साडेअकराला स्वारगेटला उतरते. रिक्षा आण. गाडीचं दार मी धरीन, दोरा लांब ठेव.

उंबरा या खेपेला बरोबर आहे.
अक्का