खुंटीवरची हॅट

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की तोही माझ्या पत्रांसारखा वर्षातून दोनदा डोकावून जातो? इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. खरे सांगायचे तर इकडे काहीही क्षेम नाही आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. (हे वाक्य हिने माझ्या खांद्यावरून वाचले आणि त्याखाली रेघ मारा म्हणाली. मारतो.)

माझा नाद तुला ठाऊक आहे. माणसाला डोके एकच असते, असे तू मागे एका कार्डावर लिहिले होतेस, ते मी विसरलेलो नाही. आता हॅटा एक्केचाळीस झाल्या आहेत. कपाटात, कपाटावर, कपाटामागे, आणि एक (हिला अजून माहीत नाही) पिठाच्या रिकाम्या डब्यात. मी त्या गोळा करतो, किटलीच्या वाफेवर धरतो, ब्रशने झाडतो, कसर लागलेली जागा बुजवतो, आणि कधीमधी एखादी घालून कचेरीत जातो. परवा राखाडी घालून गेलो तर हेडक्लार्कने उभे राहून विचारले, घरात कोणी गेले का? तसा तो अगदीच चुकला नव्हता. या हॅटा मेलेल्या माणसांच्या कपाटांतूनच येतात. जिवंत माणूस हॅट विकत नाही, कुठेतरी विसरून येतो. आतल्या कातडी पट्टीवर कोणाकोणाची आद्याक्षरे असतात, एखादा पांढरा केस असतो. असल्या परक्या लोकांच्या संगतीत माझे रविवार जातात, आणि जिवंत मित्र म्हणशील तर एक जुन्या बाजारातला हॅटवाला आणि दुसरा तू, तोही पत्रापुरता.

आता बाबांच्या हॅटकडे येतो. (इतका वेळ टाळत होतो.) आपल्या घराचा कायदा तुला सांगायला नको. दाराजवळच्या खुंटीवर हॅट असली की बाबा घरात, आवाज खाली, रेडिओ बंद. खुंटी रिकामी असली की बाबा जमीनमोजणीच्या कामावर, घर आपले. त्यांनी लावून दिलेली नोकरी तू सोडलीस आणि त्यांनी तुला दार बंद केले, त्यानंतर तू खिडकीतून खुंटी बघूनच आत यायचास. आई घाईघाईने वाढायची, तू उभ्या उभ्या जेवायचास, आणि मी कोपऱ्यावर पहारा द्यायचो. बाबा गेले त्या दिवशीही तू पायरीपर्यंत आलास, खुंटीवर हॅट पाहिलीस आणि पाठ फिरवलीस. मी ते पाहिले होते. कोणाला बोललो नाही, आज तुलाच बोलतो आहे.

आईचे विसरणे तुला कळवले होतेच. गेली दोन वर्षे मात्र त्या हॅटने तिला सांभाळले. खुंटीकडे बघायची आणि म्हणायची, आत पडलेत, निजू दे त्यांना. मग शांतपणे चार घास खायची. आम्ही कोणी काही सुधारायला गेलो नाही. पण माझ्या हाताला स्वस्थ बसवत नाही. रोज जाता-येता मला त्या हॅटची लोंबलेली कड दिसे, कसरीची दोन भोके दिसत, आणि पुढे चिमटीने धरून धरून पडलेला तेलकट काळा डाग दिसे. एक्केचाळीस परक्यांची सेवा करायची आणि बापाची हॅट अशी कुजू द्यायची, याची मला लाज वाटू लागली. मागच्या महिन्यात मी ती खुंटीवरून काढली.

तीन आठवडे खपलो. वाफ दिली, बारीक पॉलिश पेपरने डाग उतरवला, लाकडी साच्यावर चढवून सगळे पोचे काढले, कड सरळ केली, आतली तडकलेली पट्टी काढून नवी शिवली, रेशमी फीत बदलली. हॅटवाल्याने ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. आयुष्यात मी इतके चांगले काम दुसरे केलेले नाही.

इकडे खुंटी रिकामी, त्यामुळे आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली. तिला धीर यावा म्हणून मी माझी एक तपकिरी हॅट टांगली. आईने हिला हाक मारली, पाहुणे आलेत, चहा टाक. दुसऱ्या दिवशी काळी टांगली, तर म्हणाली, आज दुसरेच कोणी आलेत, साखर बेताने घाल. अरुंद कडेची हिरवी तिला मुळीच आवडली नाही. हा माणूस बरा दिसत नाही, चमचे मोजून ठेव, म्हणून तिने हिच्या कानात सांगितले. चार दिवस आम्ही कोणी न प्यायलेला चहा ओतून देत होतो. अखेर बाबांची हॅट तयार झाली आणि मी ती अगदी समारंभाने खुंटीवर ठेवली. आईने जवळ येऊन कडेवरून बोट फिरवले. मला वाटले, ओळख पटली. ती मागे सरून पदर सावरत म्हणाली, “कोणी मोठे साहेब दिसतात. त्यांना सांग, आमचे हे बाहेर गेलेत. आले की निरोप देऊ.”

त्यानंतर जे केले ते लिहायला लाज वाटते. हॅट पुन्हा जुनी करायला बसलो. चिमटे काढले, खोबरेल चोळले, उन्हात टाकली, तिच्यावर बसलो. (हीसुद्धा बसली, आणि माझ्यापेक्षा जास्त मनापासून.) जुनी पट्टी तर मी कचऱ्यात टाकली होती, ती कचरागाडीबरोबर केव्हाच गेली. आता हॅट कोणाचीच दिसत नाही. आईने ती पाहिली आणि हळहळली, त्या साहेबांना कुठे लागले की काय? दादा, बाबा मेले तेव्हा मी रडलो नव्हतो. मोजणीची कागदपत्रे आवरत बसलो होतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

आई आता जेवत नाही. दोन घास घेते, दाराकडे बघते आणि ताट सारते, ते येऊ देत म्हणते. डॉक्टर म्हणतात, उशिरा येणार आहेत असे सांगत जा. रोज सांगतो. रोज तिला खरे वाटते. मनगटे इतकी बारीक झाली आहेत की बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. बाबांच्या हॅटचा पोचा डावीकडे जास्त होता की उजवीकडे? तुला आठवत असेल तर कागदावर काढून पाठव.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. निमित्तापुरता आहे. तुझे डोके बाबांच्याच मापाचे आहे आणि चालही तीच, हे तुला आवडत नसले तरी. हॅट पार्सलने पाठवतो आहे. महिनाभर घाल, घाम मुरू दे, मग ती घालून ये आणि स्वतःच्या हाताने खुंटीवर टांग. कदाचित आईला ते आल्यासारखे वाटेल.

ता. क. तिसरा : पार्सल बांधत होतो तेव्हा आईने विचारले, कोणाला लिहितोस? दादाला, म्हटले. तिने वळून खुंटी नीट बघून घेतली, मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “त्याला लिही, हे घरी नाहीत. म्हणावं, पटकन येऊन जेवून जा. मी थांबलेय जेवायची.” बांधलेले पार्सल परत उकलले आहे. हॅट कपाटात, कुलपात ठेवली. तू नुसता ये.